एकच बोली

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत,
मी चार वर्षं भिंतींना धडका दिल्या.
पगारी काम होतं ते.
गेममधली भिंत दिसली की अंगावर जायचं,
आरपार जाता येतं का बघायचं,
गेलंच तर लिहून ठेवायचं:
'पायरी क्रमांक नऊ. खेळाडू समुद्रात पडतो.'
खाली बर्फ रात्रभर दात खात असायचा.

त्या गेममध्ये एक बंदर होतं.
चितारणारी पोरगी सोलापूरची,
तिला मी फोटो पाठवायचो:
ओहोटीला कुशीवर कलंडलेली होडी,
नाळेवर वाळत घातलेली लुंगी,
पाण्यात पोटापर्यंत शिरलेले गाडीचे बैल.
एका कोपऱ्यात तिने माझ्या आत्याची टोपली ठेवली.
उचलली तर गुण नाहीत, आत किल्ली नाही.
नुसते सहा बांगडे.

मग एका मंगळवारी पत्र आलं, 'आनंदाची बातमी'.
आमची कंपनी, जिला आम्ही अवाढव्य म्हणायचो,
एका कंपनीने घेतली.
ती फोन विकते.
फोनमधलं दुकान तिचं.
त्या दुकानात आम्ही भाडेकरू होतो,
आता घरचे झालो.
किमतीतली शून्यं मोजताना मी दोनदा चुकलो,
शेवटी खालच्या इद्रीसने पडद्यावर बोट ठेवून मोजली,
आणि बोटाचा ओला ठसा तसाच राहिला.

खोटं कशाला बोलू,
आधीचे मालक काही देवमाणसं नव्हते.
तीन महिन्यांचा पगार थकला होता,
तो नव्यांनी एका दुपारी चुकता केला.
त्यातून आत्याचा मोतीबिंदू काढला, दापोलीला.
म्हणून मी बरेच दिवस गप्प होतो.
दूर कुठेतरी सुनावणी झाली म्हणे,
गिऱ्हाइकाचं नुकसान होईल का, एवढंच विचारलं.
वकिलांनी सांगितलं, नाही.
भिंतींना धडका देणाऱ्यांना कोणी बोलावलं नाही.
मग सोलापूरची गेली.
मग गेम बंद करायची तारीख आली.

आत्याला सांगितलं तर तिचा प्रश्न निराळाच.
'बोली किती जनांनी लावली?'
एकानेच. एवढे पैसे दुसऱ्या कोणाकडे असणार?
ती पुळणीकडे बघत राहिली, नव्या डोळ्याने.
'तुज्या पायाखालचा बर्फ शेठचा.
मंग डिझेल त्याचं झालं.
मंग तीन ट्रॉलर.
मंग एक दिस लिलावात येऊन हुबा राहिला,
आकडा बोलला, आन् सगले गप.
बर्फ कोन देनार उद्या?'
थोडं थांबून म्हणाली,
'मानूस वंगाल नाय हो शेठ. लग्नात आहेर करतो.'

त्या संध्याकाळी इद्रीसच्या बापाची होडी लागली.
सुरमईचा वाटा वाळूवर पडला.
शेठच्या माणसाने आकडा टाकला,
टाकून तो फोनमध्ये बघायला लागला,
कारण पुढे काही घडायचं नव्हतं.
तेवढ्यात आत्या म्हणाली, 'वर पन्नास.'
तिच्या कनवटीला शंभरसुद्धा नव्हते, मला माहीत होतं,
त्यालाही असावं.
तरी त्याने मान वर केली.
तरी त्याला पुढचा आकडा बोलावा लागला.

इद्रीसच्या बापाला दीडशे रुपये जास्त मिळाले.
दीडशेच.
उद्या आत्याच्या टोपलीला बर्फ मिळेल की नाही
ते ठाऊक नाही.

खोलीवर आलो. गेमचे अकरा दिवस उरले होते.
बंदरावर कोणी नव्हतं.
टोपलीतले बांगडे मोजले, सहा.
मग सवयीने रकाना उघडला आणि लिहिलं:
'एकच बोली. इथून खेळाडू समुद्रात पडतो.
पुन्हा पुन्हा पडतो. कृपया दुरुस्त करावे.'
पाठवायचं कोणाला, ती जागा
कोरी होती.